एकच प्रत

फोनवरचा माणूस रडतो आहे की भाषण करतो आहे, हे इन्स्पेक्टर वंदना गजभियेंना आधी कळेना.

"आमची तृष्णा गेली हो! सकाळी येऊन पाहतो तर नाही!"

वंदनांनी पेन उचललं. "वय काय?"

"वय?"

"मुलीचं वय. अंगावर कपडे कोणते होते?"

"अहो, मुलगी नव्हे! संहिता! यंदाची सर्वोत्कृष्ट पटकथा! आज संध्याकाळी तिला पुरस्कार आहे आणि ती चोरीला गेली." माणूस क्षणभर थांबला. "हिरवं फोल्डर होतं अंगावर."

वंदनांनी पेन खाली ठेवलं. टेबलावर खरोखर हरवलेल्या दोन मुलींचे फोटो होते. त्यांच्यासाठी वरून एकही फोन आला नव्हता. तृष्णेसाठी मात्र ठाण्यात त्या पोचायच्या आतच येऊन गेला होता. पाहुणे मुंबईचे आहेत, शहराची अब्रू आहे, जातीनं लक्ष घाला.

"चला धोंडबा," त्या हवालदार बावण्यांना म्हणाल्या. "शहराची अब्रू शोधाले."

जीप नागपूरच्या सदर बाजारातून निघाली. दुकानांची शटरं अजून खाली होती. एक चहावाला तेवढा जागा होता.

मध्यवर्ती पटकथा मंडळाचं सभागृह सदरच्या मागच्या बाजूला होतं. मंडळ दर वर्षी चित्रपट आणि मालिका लिहिणाऱ्यांना पुरस्कार द्यायचं. सर्वोत्कृष्ट पटकथा, सर्वोत्कृष्ट संवाद, सर्वोत्कृष्ट मालिकालेखन, आणि ज्याच्यात काहीच उत्कृष्ट सापडत नसे त्याच्यासाठी 'विशेष उल्लेखनीय'. दारावरच्या फलकावर फिल्मच्या रिळात गुरफटलेली लेखणी काढली होती आणि शेजारी तिच्या तिप्पट मोठा पापड. पापडवाले प्रायोजक होते.

मालिका लिहाव्या लागतात, हीच वंदनांना बातमी होती. त्यांच्या आईच्या मालिकेतली थोरली सून दिवाळीपासून एकच जिना उतरत होती.

फोनवरचे गृहस्थ पायरीवरच उभे होते. शरच्चंद्र टोकेकर, मंडळाचे अध्यक्ष. खांद्यावर उपरणं, कपाळावर घाम. पुण्याहून येऊन नागपुरात तीस-एक वर्षं काढली होती, पण भाषेवर नागपूरचा शिंतोडाही उडू दिला नव्हता.

कार्यालय सभागृहाला लागूनच होतं. लोखंडी कपाट उघडं होतं. कुलूप शाबूत.

"किल्ली कुठे असते?"

"त्या खिळ्याला. सगळ्यांना ठाऊक आहे."

वंदनांनी कपाटात डोकावून पाहिलं. वरचा खण रिकामा. खाली मागच्या वर्षांच्या विजेत्या संहितांचे गठ्ठे. त्यांच्यावर बोटभर धूळ होती. कोपऱ्यातल्या एका गठ्ठ्याची तेवढी पुसली गेली होती.

"ह्या कोण वाचतं?"

"ह्या?" टोकेकरांना प्रश्नच समजला नाही. "ह्या जतन केल्या आहेत."

"बरं. तृष्णेची दुसरी प्रत असेलच."

"मंडळाकडे नाही. आमचा कडक नियम आहे, एकच प्रत. छापील. हातात आणून द्यायची. ई-मेल नाही, झेरॉक्स नाही. वर नाव नाही, फक्त क्रमांक. आमच्या क्षेत्रात कथा चोरतात हो."

"आणि परीक्षक किती?"

"तीन."

"तिघांनी एकच प्रत वाचली?"

"आळीपाळीनं. म्हणजे दोघांनी. तिसरे विमानात होते."

"तुम्ही?"

"मी मानपत्र लिहिलं."

"न वाचता?"

"मॅडम, मानपत्राला संहिता लागत नाही. भाषा लागते."

धोंडबांना खोकला आला. वंदनांनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"कोणावर संशय?"

"संशय कसला? चोर बसवून ठेवला आहे." टोकेकरांनी बंद दाराकडे बोट केलं. "गोपिका वैरागडे. इथल्याच एका शाळेत शिकवते. सूत्रसंचालनाला घेतलं होतं बिचारीला. काल तालमीत 'तृष्णा'मधला एक प्रसंग वाचला जात होता. ही मध्येच उठली आणि म्हणते, हे माझं आहे! मुंबईचे परीक्षक बसलेले!"

"तिचं काही लिखाण आहे का तुमच्याकडे?"

"दोन वर्षांपूर्वी आमच्या कार्यशाळेत काही तरी दिलं होतं म्हणे. ढीग येतो असा. मी उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही."

"आणि आज?"

"आज सकाळी ती इथे येऊन बसली होती. कपाट उघडं. आणि तिच्या मोपेडला पुढे पिशवी लटकते ना, तीत हिरवं फोल्डर! रिकामं. पानं तिनं कुठे तरी फेकली असणार. तुम्ही तक्रार लिहून घ्या. नाव घालून."

"फोल्डर कोणी पाहिलं?"

"मीच. सहज गेलो होतो बाहेर."

तेवढ्यात दारातून अत्तराचा वास आला आणि पाठोपाठ माणूस. खोलीतही काळा चष्मा, गुडघ्याखाली कुडता. हा उन्मेष कारखानीस. मुंबईचा मालिकालेखक, 'तृष्णा'चा कर्ता. जिना उतरणारी सून त्याचीच निघाली.

"अरे, उभ्या का? बसा गा मॅडम, बसा गा!" तो दिलखुलास हसला. "आता जमायला लागलं मला तुमचं. वऱ्हाडी म्हणजे काय, मातीचा सुगंध!"

धोंडबांच्या मिशा थरथरल्या.

"चोरीचं मनाला लावून घेऊ नका सर," उन्मेष टोकेकरांना म्हणाला. "फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे. ही घ्या नवी प्रत. आत्ताच सदरमधून काढून आणली."

स्पायरल बांधणीची प्रत. वर प्लॅस्टिकचं झाकण. वंदनांनी ती चाळली.

"जी चोरीला गेली ती हीच?"

"अक्षर न् अक्षर."

"कानामात्राही बदलला नाही?"

"मॅडम, लेखकाला आपलं लिखाण लेकरासारखं असतं. लेकराचे कान कोणी बदलतं का?"

"सुंदर," टोकेकर पुटपुटले.

"ही माझ्याकडे राहू द्या," वंदना म्हणाल्या आणि टोकेकरांकडे वळल्या. "ह्या गोपिकाबाईंची कथा आणि 'तृष्णा', दोन्हींत काही सारखं आहे का?"

"काडीचाही संबंध नाही! तिची ती पाना घेऊन हिंडणारी मुलगी कुठे आणि आमचा अश्विन कुठे!"

"बरोबर," वंदना म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात येताच धोंडबांचा बांध फुटला. "मॅडम, तुम्हाले गा म्हनला थो! बाईले वं, मानसाले गा. हे तं शेंबडं पोरगंही चुकत नाही. अन् याले म्हने मातीचा सुगंध येऊन राहिला!"

"येऊ द्या," वंदना म्हणाल्या. "नाक तं हाये त्याले."

गोपिका वैरागडे आतल्या खोलीत शालींच्या खोक्यांमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिशीची असेल. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"सकाळी इथे काहून आल्या?" वंदनांनी विचारलं.

आपल्या बोलीतला तो 'काहून' ऐकून गोपिकाने पहिल्यांदा वर पाहिलं. "सरांनीच फोन केला. या, शांतपणे बोलू म्हणे. मी आले तं मले हॉलमध्ये बसवलं अन् सर गायब. आले ते ओरडतच आले."

"फोल्डर?"

"मले माहीत नाही. पिशवी तं गाडीले चोवीस तास लटकून राहते. कोणीही काही टाकावं."

"तक्रारीत तुमचं नाव घाला म्हणतात."

"घाला." ती खुर्चीत पुढे सरकली. "शाळा खाजगी हाये मॅडम. मी पर्मनंट नाही. चोरीत नाव आलं का उद्याच घरी बसवतात. अन् संध्याकाळी हा मानूस माझी माय घेऊन स्टेजवर जाईन. मंग मी जन्मभर सांगत बसू, हे माझं होतं म्हणून? कोण ऐकते?"

"तुमची माय?"

"त्याच्यात हाये ती. माझ्या मायचं बोलणं हाये. जसंच्या तसं."

"तुमच्याजवळ प्रत नाही?"

"एकच होती. कार्यशाळेत टोकेकर सरांच्या हातात दिली. नियम हाये ना त्यांचा! शाळेच्या कॉम्प्युटरवर टाइप केली होती, थो भंगारात गेला."

"नाव काय दिलं होतं?"

"बोअरिंग."

वंदना हसल्या. नागपूरकडे बोअरिंग म्हणजे गावातला हातपंप, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"सर पहिल्या पानावरच हसले," गोपिका म्हणाली. "म्हणे, असं नाव ठेवाल तर प्रेक्षक उठून जातील. मी म्हटलं सर, बोअरिंग म्हणजे पाण्याचं. ते म्हणे, मुंबईला असं समजत नाही."

"गोष्ट काय आहे?"

"गावातलं बोअरिंग बिघडते. पोरगी ते दुरुस्त कराले शिकते. गाव म्हणते, पोरीच्या जातीनं पान्याले हात लावला तं पाणी आटते. सारं गाव आडवं येते. फक्त माय पाठीशी उभी राहते."

"हे काल तुम्ही तिथे सांगितलं?"

"कुठून? तीन शब्द बोलले. हे माझं हाये. तेवढ्यात माइक बंद केला त्यांनी. दोघांनी दंडाले धरून बाहेर काढलं."

"त्यानंतर कोणाशी बोललात ह्यावर?"

"कोणाशी बोलू? घरी जाऊन रडले."

वंदना उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तक्रार अजून लिहिली नाही मी. डबा आणला का?"

"नाही."

"धोंडबा, बाईले काही खायले आणा."

सुशील रंगारी सभागृहाच्या मागच्या पायरीवर बसून पोहे खात होता. हा इथला नट. संध्याकाळी 'तृष्णा'मधला प्रसंग तोच वाचणार होता.

"काल तालमीत काय झालं?"

"गोपिकाताईले बाहेर काढलं, ते?"

"त्याच्या आधी."

सुशील जरा घुटमळला. "त्याच्या आधी तं माझीच चूक झाली मॅडम. म्हणजे चूक लिहिणाऱ्याची, पण हसू मले आलं. अश्विन नावाचा पोरगा हाये. मिसरूड फुटलेला. त्याची माय त्याले म्हणते, 'भेऊ नको वं, पाना धर.' मी थांबलोच. म्हटलं सर, हे पोरगं हाये का पोरगी? इथले सारे हसले."

"परीक्षक?"

"ते म्हणे, थांबू नका, तेच तर बोलीचं सौंदर्य आहे! एका बाईनं तं डोळे पुसले."

"मग?"

"मंग गोपिकाताई उठली. पुढचं तुम्हाले माहीतच हाये."

"टोकेकर सर हसले का?"

"नाही न. त्यांचा चेहरा असा पडला. तालीम बंद करा म्हणे. अन् उन्मेष सरांचा हात धरून त्यांले आत नेलं."

"उन्मेष सर तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?"

सुशील हसला. "काल दुपारपर्यंत 'काय वं सुशील'. मी म्हटलं जाऊ द्या, पाहुणा हाये. आज सकाळी आले तं 'काय गा सुशील'! रातभरात सुधरला. पण मंग झाडणाऱ्या मावशीलेही गा म्हनला. मावशीनं झाडू दाखवला त्याले."

जीपमध्ये बसून वंदनांनी स्पायरलची प्रत पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एवढ्या पुरस्काराची संहिता आजवर नीट वाचणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच.

चौथ्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. सातव्या पानावर त्या खो-खो हसल्या. धोंडबा धावत आले.

"काय झालं मॅडम?"

"वाचा. हे. मोठ्यानं नका वाचू."

धोंडबांनी वाचलं. वाचून त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "मॅडम, हे... हे असं पिच्चरमध्ये दाखवणार?"

"कपाटाची किल्ली ताब्यात घ्या," वंदना डोळे पुसत म्हणाल्या. "आणि सगळ्यांना हॉलमध्ये बसवा. परीक्षकांनाही. सांगा, पोलिसांना कलेत रस उत्पन्न झाला आहे."

सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. व्यासपीठावर झेंडूच्या माळा, मधोमध रिळात गुरफटलेली लेखणी, खाली पापडवाल्यांचा फलक. परीक्षक सावजीचं झणझणीत जेवण जेवून आले होते आणि सारखं पाणी मागत होते. गोपिका शेवटच्या रांगेत बसली. शेजारी धोंडबा.

"तक्रार लिहिण्याआधी चोरीला काय गेलं ते मला समजलं पाहिजे," वंदना म्हणाल्या. "सुशील, ही नवी प्रत. खुणा केलेल्या जागा तेवढ्या वाचा. जसं छापलं आहे तसं."

सुशीलने घसा साफ केला. "अश्विनची आई शेजारच्या भीमाबाईला हाक मारते. 'ये गा भीमे, बस गा माझ्याजवळ.'"

धोंडबा फस्सकन हसले.

"पुढे."

"अश्विन बोअरिंगजवळ थबकतो. पुढे... पुढे जागा की मागे फिरागा, त्याला कळत नाही."

"काय?" मधल्या परीक्षकांनी कान टवकारले.

"असंच छापलं हाये सर. 'पुढे जागा की मागे फिरागा.' मंग इथं... अश्विनला नगा हत्यार..." सुशील अडखळला. त्याने वंदनांकडे पाहिलं. "मॅडम, पुढचा शब्द मी नाही वाचत. बाया बसल्या हाये."

"बरोबर आहे, नका वाचू. शुद्ध भाषेत तिथे काय असायला हवं?"

"'अश्विनला नवं हत्यार हवं आहे' होईन."

"आणि 'हवं'मधला 'वं' काढून तिथे 'गा' घातला तर?"

सगळ्यांनी मनातल्या मनात 'गा' घालून पाहिला. मग मागच्या रांगेतून झाडणाऱ्या मावशीचं हसू आलं, आणि ते आवरायला कोणी तयार होईना. डोळे पुसणाऱ्या परीक्षकबाईंनी रुमालात तोंड लपवलं. या खेपेस बोलीच्या सौंदर्यासाठी नव्हे.

उन्मेषने चष्मा काढला. "टायपिंगच्या चुका आहेत."

"नाही. कॉम्प्युटर चुकत नाही, सांगितलेलं करतो. तुम्ही त्याला सांगितलं, जिथे 'वं' दिसेल तिथे 'गा' घाल. त्याने घातला. 'जावं'चं 'जागा' झालं, 'फिरावं'चं 'फिरागा'. भीमाबाईचा पुरुष झाला. आणि तुम्ही आपलं लेकरू एकदा वाचूनही पाहिलं नाहीत." वंदनांनी प्रत वर धरली. "मला म्हणालात, अक्षर न् अक्षर तेच. मग हे 'गा' कुठून आले? चोरीला गेलेल्या प्रतीत अश्विनची आई त्याला 'वं' म्हणत होती. काल ह्या सगळ्यांनी ऐकलं आहे."

"सुधारणा केली तर गुन्हा झाला?"

"सुधारणा कधी केलीत?"

"आज सकाळी. चोरी झाल्याचं कळल्यावर."

"कुठे छापली?"

"सांगितलं ना, सदरमध्ये."

"आम्ही सदरमधूनच आलो. एक शटर वर नव्हतं. स्पायरल कोणी बांधून दिलं, चहावाल्यानं?" वंदनांनी प्रत मिटली. "ही प्रत कालच तयार झाली. म्हणजे जुनी चोरीला जाणार हे तुम्हाला कालच ठाऊक होतं."

उन्मेष टोकेकरांकडे पाहू लागला. टोकेकर छताकडे.

"आता मुख्य प्रश्न. मिसरूड फुटलेल्या पोराला आई 'वं' का म्हणेल? इथली आई मरेल पण म्हणणार नाही. ती पोरीला म्हणेल. लिहिणाऱ्या बाईनं पोरीलाच म्हटलं होतं. चोरणाऱ्यानं पोरीचा पोरगा केला, 'गेली'चं 'गेला' केलं, नाव बदललं. 'वं' तेवढा ठेवला. त्याला वाटलं, ही वऱ्हाडी फोडणी आहे, कशावरही घालावी." त्यांनी परीक्षकांच्या रांगेकडे पाहिलं. "तुमच्यापैकी दोघांनी वाचली म्हणे. पोरगा हातपंप दुरुस्त करतो म्हणून सारं गाव त्याच्या अंगावर जातं, ह्यात काही खटकलं नाही? पोरानं पाना धरला तर गावाला काय दुखतं?"

"आम्हाला ते सूचक वाटलं," एक परीक्षक म्हणाले.

"वाटणारच."

"पण कपाट मी उघडलं नाही!" उन्मेष एकदम ओरडला. "कालची रात्र मी हॉटेलवर होतो, विचारा!"

"मला माहीत आहे. तुम्हाला 'वं' आणि 'गा'मधला फरकही माहीत नव्हता. काल दुपारपर्यंत सुशीलला 'वं' म्हणत होतात. आज सकाळी पाहावं त्याला 'गा'. मधल्या वेळात कोणी तरी इथल्या माणसानं शिकवलं. अर्धंच शिकवलं. पुरुषाला गा म्हणतात एवढंच. बाईचं सांगायचं राहिलं. कोण ते?"

"सर म्हणाले, सगळीकडे गा कर!"

"उन्मेष!" टोकेकर उठले. "मॅडम, मी या शहरात तीस वर्षं..."

"तीस वर्षांत 'वं' आणि 'गा' कानावर पडलाच असेल. म्हणून तर काल तुमचा चेहरा पडला. लोक हसले आणि तुम्ही घाबरलात. ते 'वं' म्हणजे गोपिकाबाईंचे साक्षीदार होते, पानोपानी बसलेले. त्या साक्षीदारांना गायब करून गोपिकाबाईंचा काय फायदा? त्यांचा तर तोच एक पुरावा. नुकसान तुमचं आणि ह्यांचं होतं. म्हणून प्रत कपाटातून काढलीत. सकाळी त्यांना फोन करून बोलावलंत, आत बसवलंत, आणि रिकामं फोल्डर गाडीच्या पिशवीत टाकून ओरडत आलात."

"माझा त्या कथेशी काय संबंध? मी तिचं लिखाण उघडूनसुद्धा..."

"पाहिलेलं नाही. हेच म्हणालात. आणि थोड्याच वेळानं म्हणालात, तिची ती पाना घेऊन हिंडणारी मुलगी." वंदनांचा आवाज चढला नाही. "गोपिकाबाई काल तीन शब्द बोलल्या. त्यात मुलगीही नव्हती आणि पानाही नव्हता. 'तृष्णा'त तर मुलगीच नाही. ती मुलगी फक्त एका प्रतीत होती, आणि ती प्रत फक्त तुमच्या हातात दिली होती. ती तुम्ही वाचलीत आणि मुंबईला पोचती केलीत. कशासाठी, तेवढं सांगा."

उत्तर उन्मेषनं दिलं.

"नव्या मालिकेत नाव देणार होतो. 'कथासंकल्पना, शरच्चंद्र टोकेकर.' पहिल्या भागापासून."

"त्या जिन्यावर?" वंदनांच्या तोंडून निघून गेलं.

टोकेकर मटकन खाली बसले. त्यांचं उपरणं पापडाच्या फलकावर जाऊन पडलं. "संहिता जाळून टाकली मी," ते म्हणाले. "तुम्हाला काही सापडणार नाही."

"धोंडबा, कपाट."

कपाटाच्या खालच्या खणातला कोपऱ्यातला गठ्ठा धोंडबांनी उचलून आणला, तोच धूळ पुसलेला. वर मागच्या वर्षीची सर्वोत्कृष्ट पटकथा. तिच्याखाली त्याच्या मागच्या वर्षीची. आणि त्यांच्या मधोमध, फोल्डरवाचून उघडी, 'तृष्णा'.

"जाळायचे कष्ट तुम्ही घेणार नाही, हे मला सकाळीच वाटलं होतं," वंदना म्हणाल्या. "कशाला जाळायची? तुमच्या इथे संहिता लपवायला विजेत्या संहितांच्या ढिगासारखी जागा नाही. तिथे कोणी हात घालणार नाही, ही तुमची खात्री होती. ती बरोबरच होती म्हणा. मीसुद्धा वाचायला नाही, धूळ बघायलाच डोकावले."

धोंडबा अजून गठ्ठा उलटत होते. "मॅडम, याच्या बुडाशी आणखी एक हाये. पातळ. सुतळीनं बांधलेली."

शेवटच्या रांगेतली खुर्ची पडल्याचा आवाज झाला. गोपिका मधल्या वाटेने धावत आली. सुतळी तिनेच बांधली होती, तिची गाठ तिने ओळखली. पहिल्या पानावर 'बोअरिंग'. खाली तिचं नाव. मुंबईला पोचती करून झाल्यावर टोकेकरांनी ती परत ढिगात टाकून दिली होती. फाडायचीही तसदी घेतली नव्हती.

गोपिकाने पान उलटलं. "भेऊ नको वं," ती हळूच म्हणाली, आणि पुढचं तिला वाचवेना.

परीक्षकांपैकी विमानातले गृहस्थ पुढे सरसावले. "ह्यांनाच देऊन टाकू या ना पुरस्कार. लोक यायला लागतील आता. शाल आहे, श्रीफळ आहे..."

"वाचली का तुम्ही?" गोपिकाने विचारलं.

"वाचू ना! मुंबईला गेलो की."

"मंग तेव्हा पाहू," ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाठ केली.

धोंडबांनी टोकेकरांना आणि उन्मेषला जीपकडे नेलं. "चला गा," ते दारात उन्मेषला म्हणाले. "आता बरोबर हाये पाहा. मानसाले गा."

गोपिका प्रत छातीशी धरून उभी होती. "मॅडम, ही मले भेटन ना?"

"नाही. पुरावा आहे. जप्त करावी लागेल. कोर्टातून यायला किती वर्षं लागतील, देव जाणे."

गोपिकाचा चेहरा उतरला. बोटं सुतळीवर घट्ट झाली. "एकच हाये हो मॅडम."

वंदनांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. सदरमधली सगळी शटरं केव्हाच वर गेली होती.

"पंचनामा मी जेवण झाल्यावर लिहीन," त्या म्हणाल्या. "तोवर गाडी काढा, मी मागं बसते. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. चांगल्या दहा-बारा काढून घेऊ."